तवंग

संडासाच्या भांड्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. मळ पांढुरका, चिकट, भांड्याला धरून बसणारा. दोनतीनदा पाणी ओतलं तरी पुरता निघत नाही आणि वास खवट तेलासारखा येतो. घरात याला ‘पोट बिघडलंय’ म्हणतात आणि महिनोन्महिने तेच म्हणत राहतात. माणूस पोटभर जेवतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागतात, संध्याकाळी कमी दिसायला लागतं, पिंढऱ्यांत गोळे येतात. अंगी न लागणं हा आपला जुना शब्दप्रयोग इथे अगदी शब्दशः खरा आहे. ताटातलं तूप शरीरात शिरलंच नाही, ते पाण्यावर तरंगतंय.

या तवंगाची कारणं मोजकीच असतात. पित्त आतड्यात पोचत नसेल, लहान आतड्याचं अस्तर खराब झालं असेल, किंवा स्वादुपिंडाचा रस कमी पडत असेल. इथे तिसऱ्या कारणाबद्दल लिहायचं आहे, आणि त्यावर बुरशी, यीस्ट, जिवाणू यांच्या एन्झाइमने, म्हणजे अन्न तोडणाऱ्या प्रथिनाने, उपाय करायचा जो प्रयत्न सव्वाशे वर्षं चालू आहे त्याबद्दल.

स्वादुपिंड म्हटलं की आपल्याला इन्सुलिन आणि मधुमेह आठवतो. पण या ग्रंथीचा बहुतेक भाग वेगळंच काम करत असतो: दिवसाला लिटर-दीड लिटर पाचक रस तयार करणं. त्यात पिष्टासाठी (स्टार्चसाठी) अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं, चरबीसाठी लायपेज, आणि जठरातून आलेलं आम्ल मारायला भरपूर बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यातलाच क्षार. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात सशावर याचा छडा लावला. सशात पित्तनलिका आतड्यात वरच्या बाजूला उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली. चरबी खाऊ घातलेल्या सशाच्या आतड्यावरच्या लसिकावाहिन्या, म्हणजे शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या दिसल्या त्या दुसऱ्या नलिकेच्या पुढेच. चरबी शोषली जायला स्वादुपिंडाचा रस लागतो, हे त्या पांढऱ्या रेषांनी दाखवलं.

ग्रंथीत राखीव साठा प्रचंड असतो. लायपेजचं प्रमाण नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेलं की मगच मळात चरबी दिसू लागते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडलं. म्हणजे तवंग दिसतो तेव्हा ग्रंथीचा नऊ दशांश कारभार आधीच थांबलेला असतो. कारणं वेगवेगळी: दारूमुळे झालेला जुनाट दाह, सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार), स्वादुपिंडातल्या गाठीची शस्त्रक्रिया, आणि आपल्याकडे, विशेषतः केरळात, पूर्वी मोठ्या संख्येने दिसलेला उष्णकटिबंधीय खडेयुक्त दाह, जो दारूला कधी न शिवलेल्या तरुणांनाही होतो आणि मागून मधुमेह घेऊन येतो.

पिष्ट आणि प्रथिनं तरी कशीबशी निभावून जातात, चरबीच का अडते? पिष्टाला लाळेतलं अमायलेज असतं, प्रथिनांना जठरातलं पेप्सिन असतं, आणि आतड्याच्या अस्तरावरही एन्झाइमं बसलेली असतात. चरबीला जठरातल्या थोड्याशा लायपेजपलीकडे फारसा आधार नाही. शिवाय स्वादुपिंडाचं लायपेज हे या रसातलं सगळ्यात नाजूक एन्झाइम. पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ४च्या खाली गेला की ते कायमचं निकामी होतं, आणि शेजारची प्रथिनं तोडणारी एन्झाइमंही त्याला खाऊन टाकतात. म्हणून या आजारात कुठलंही औषध हातात आलं की प्रश्न एकच विचारायचा: यात लायपेज किती, आणि ते आतड्यापर्यंत जिवंत पोचणार का?

आता आपल्या घरोघरच्या कपाटात असणाऱ्या पाचक सिरपच्या बाटलीकडे वळू. लेबलवर बहुधा ‘फंगल डायस्टेज’ आणि ‘पेप्सिन’ असं लिहिलेलं असतं. काही गोळ्यांत पपईच्या चिकातलं पपेन असतं, काहींत कोळशाची पूडही. यातलं फंगल डायस्टेज म्हणजे बुरशीचं अमायलेज, आणि त्याचा उगम जपानी आहे. जोकिची ताकामिने या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. मिसो, सोया सॉस आणि साके करताना जपानी लोक भातावर किंवा सोयाबीनवर जी कोजी बुरशी चढवतात, अस्परजिलस ओरायझी, तीच त्याने गिरणीत उरणाऱ्या गव्हाच्या कोंड्यावर वाढवली आणि एन्झाइम काढून घेतलं. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘टाका-डायस्टेज’ नावाने अपचनावर विकलं. सूक्ष्मजीवांचं एन्झाइम औषध म्हणून बाजारात येण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग.

ती पद्धत आजही ओळखू येईल इतकी सरळ आहे. कोंडा पाण्याने ओलसर करायचा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये इतका. मग वाफेवर निर्जंतुक करायचा, कोमट झाला की बीजाणू मिसळायचे आणि तबकांत पातळ थर लावून तिशीच्या आसपासच्या तापमानात, दमट हवेत ठेवायचं. दोनतीन दिवसांत कोंड्यावर पांढरी लव धरते. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते आणि थर जाड असेल तर मधला भाग चाळिशीच्या पुढे जातो. तसं झालं की बुरशी गुदमरते आणि तिची जागा उष्णता सोसणारे जिवाणू घेतात. म्हणून थर मोडून हलवावा लागतो, हवा खेळवावी लागते. फार वेळ ठेवलं तर लव पिवळी-हिरवी होते, म्हणजे बुरशीने एन्झाइमवरचं लक्ष काढून बीजाणूंवर दिलं. योग्य वेळी कोंडा पाण्यात भिजवून अर्क काढायचा, गाळायचा, आटवायचा, मद्यार्कात साका बसवायचा, कमी उष्णतेवर वाळवायचं. आज मोठ्या कारखान्यांत बरंचसं काम द्रवातल्या टाक्यांत होतं. महाराष्ट्राला हा उद्योग परका नाही. ठाण्यात मुख्यालय असलेल्या आणि सिन्नरला कारखाना असलेल्या एका कंपनीची ओळखच एन्झाइमं बनवणारी अशी आहे.

लेबलवरच्या १:१२०० या आकड्याचा अर्थ सोपा आहे: ठरलेल्या परिस्थितीत एक भाग डायस्टेज स्वतःच्या बाराशे पट पिष्ट पचवतं. म्हणजे बाटलीतला दावा खोटा नाही. भात, बटाटा, साबुदाणा यांच्यावर ते खरंच चालतं. पण ज्याच्या मळावर तवंग आहे त्याला पिष्टाची अडचण नाही. बहुतेक बाटल्यांत लायपेजचा थेंबही नसतो. पेप्सिन आहे, पण प्रथिनांचं काम जठर आधीच करतंय. स्वादुपिंड निकामी झालेल्या माणसाला वर्षभर जेवणानंतर दोन चमचे सिरप पाजत ठेवणं म्हणजे गळक्या छपराखाली राहून भिंतीला रंग देत बसणं. मला या विषयात सगळ्यात जास्त हेच खुपतं. औषध चुकीचं नाही, पत्ता चुकलेला आहे, आणि तोवर माणसाचं वजन, हाडं आणि दृष्टी जात असतात.

निदानासाठी मळाची एक साधी तपासणी आहे, स्वादुपिंडाच्या रसातल्या इलास्टेज या एन्झाइमची. प्रत्येक ग्रॅम मळात २०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर स्वादुपिंड कमी पडतंय, १०० च्या खाली असेल तर बरंच. नमुना बांधलेल्या मळाचा द्यावा. पातळ जुलाबात पाण्यामुळे आकडा उगाच कमी येतो. बाहेरून घेतलेलं डुकराचं एन्झाइम या मानवी इलास्टेजच्या चाचणीत मोजलं जात नाही, त्यामुळे चाचणीसाठी औषध थांबवायची गरज नाही. आणि म्हणूनच औषध लागू पडतंय का हे या चाचणीतून कळतही नाही. ते वजनावरून, मळावरून, आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वांच्या पातळीवरून पाहायचं.

सध्या सिद्ध असलेलं औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेलं पॅन्क्रिएटिन हेच आहे. कॅप्सूलवर १०,०००, २५,०००, ४०,००० असे आकडे असतात, ते लायपेजचे युनिट. निरोगी ग्रंथी एका जेवणाला ढोबळमानाने नऊ लाख युनिट ओतते. त्याचा दहावा भाग पुरतो म्हटलं तरी नव्वद हजार. जठराचं लायपेज आणि ग्रंथीचा उरलासुरला रस हातभार लावतात, म्हणून मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला ४० ते ५० हजारांपासून आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची पद्धत आहे. हिशेब चरबीवर चालतो. चमचाभर तेल किंवा तूप पाच ग्रॅम, मूठभर शेंगदाणे पंधरा ग्रॅम, कपभर म्हशीचं दूध बारा-तेरा ग्रॅम. पिठलं-भाकरी, वर तूप आणि शेंगदाण्याची चटणी असं ताट पंचवीस ग्रॅमला सहज पोचतं. ४० हजार युनिट घेतले तर ग्रॅमला सोळाशे होतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ग्रॅमला पाचशे ते चार हजार अशी मर्यादा धरतात, तेव्हा हे बरोबर मधे बसतं. कोऱ्या चहाला किंवा नुसत्या फळाला काही लागत नाही.

कमाल मर्यादाही आहे: वजनाच्या प्रत्येक किलोला जेवणामागे २,५०० आणि दिवसाला १०,००० युनिट. १९९४ साली लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी अतिउच्च शक्तीच्या कॅप्सूल घेणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांत मोठं आतडं आक्रसल्याचं नोंदवलं, तेव्हापासून हे आकडे जपले जातात. तवंग थांबत नाही म्हणून आपल्या मनाने मात्रा दुप्पट करत जाऊ नये.

औषध फसतं ते बहुधा घेण्याच्या वेळेमुळे. जेवण आटोपल्यावर आठवण झाली म्हणून गिळलेली कॅप्सूल अन्नाच्या मागून धावते. पहिल्या घासाबरोबर एक आणि अर्ध्या जेवणात उरलेली, असं वाटून घ्यायचं. कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांचा आकार मुद्दाम दोन मिलिमीटरच्या आत ठेवलेला असतो, कारण याहून मोठे दाणे जठरातच रेंगाळतात आणि अन्न पुढे निघून जातं. दाण्यांवर आम्ल सोसणारं कवच असतं आणि ते पीएच ५.५च्या पुढे विरघळतं. म्हणून दाणे चावायचे नाहीत. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे आंबटसर, मऊ आणि गार पदार्थात, उदाहरणार्थ सफरचंदाच्या शिजवून गार केलेल्या गरात, मिसळून लगेच गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. दुधात किंवा गरम वरणात घालायचे नाहीत. तिथे कवच आधीच सुटतं आणि तोंडात राहिलेलं एन्झाइम जिभेला, हिरड्यांना सोलून काढतं. विदर्भातल्या मे महिन्यात डबी गाडीत विसरली तर ती फेकून द्यावी.

एवढं करूनही तवंग राहिला तर संशय आम्लावर घ्यायचा. या आजारात बायकार्बोनेटही कमी झालेलं असतं, त्यामुळे आतड्याचा पहिला भागच आंबट राहतो आणि कवच वेळेवर विरघळत नाही. डॉक्टर मग आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची अँटासिडं मात्र चरबीचं शोषण आणखी बिघडवू शकतात. आतड्यात जिवाणूंची गर्दी झाली असली तरी लक्षणं तशीच राहतात. फार चोथ्याचं जेवणही एन्झाइमच्या आड येतं. आणि मधुमेह असेल तर एन्झाइम लागू पडल्यावर साखर वाढते. अन्न खरोखर अंगी लागतंय म्हणून. इन्सुलिन त्याप्रमाणे बदलून घ्यावं लागतं.

हे सगळं डुकरावर उभं आहे. मुसलमान, ज्यू, जैन, शाकाहारी, सगळ्यांपुढे एक अडचण उभी राहते आणि तिला हसून बाजूला सारू नये. दुसरा उपाय नसेल तेव्हा जीव राखायला हे घ्यावं, असा कौल अनेक धर्मपंडित देतात. तो घरातल्या ज्येष्ठांसमोर डॉक्टरांनी स्वतः सांगावा, नाहीतर कॅप्सूल गुपचूप कचऱ्यात जाते. पुरवठ्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०२४ साली या कॅप्सूलांचा इतका तुटवडा झाला की सरकारला रुग्णसुरक्षेचा इशारा काढावा लागला. टाकीत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाला ना कत्तलखाना लागतो, ना डुकरांच्या साथींची भीती. मग लायपेजही बुरशीचंच का घेत नाही?

घेऊन पाहिलं. आतड्यात तीन पहारे आहेत: आम्ल, प्रथिनं तोडणारी एन्झाइमं आणि पित्त. बुरशीची लायपेजं आम्लाचा पहारा चुकवतात, पण पित्ताने गारद होतात. आपल्या स्वतःच्या लायपेजलाही पित्तक्षार चरबीच्या थेंबावरून ढकलत असतात. त्याला तिथे धरून ठेवायला स्वादुपिंड कोलायपेज नावाचं छोटं प्रथिन सोबत पाठवतं. बर्खोल्डेरिया गटातल्या जिवाणूंच्या लायपेजला असा सोबती लागत नाही आणि पित्ताचाही त्रास होत नाही. १९९७ साली डिमॅग्नो यांच्याच गटाने स्वादुपिंडाचा रस बंद केलेल्या कुत्र्यांना ते दिलं. त्याबरोबर आहारात चरबी वाढवली तेव्हा, कमी केली तेव्हा नव्हे, परिणाम चांगला दिसला. चरबीचा थेंब एन्झाइमला जपतो असा त्याचा अर्थ, आणि ‘तूप-तेल बंद’ हा घरगुती सल्ला इथेही उलटाच पडतो.

उरला प्रथिनं तोडणाऱ्यांचा पहारा. त्यावर अमेरिकेतल्या आल्टस कंपनीने नामी तोड काढली. बर्खोल्डेरिया सिपेशियाच्या लायपेजचे स्फटिक केले आणि स्फटिकातले रेणू एकमेकांना रासायनिक गाठींनी बांधून टाकले. सैल धाग्याला कात्री लागते तशी घट्ट विणीला लागत नाही. सोबत दोन अस्परजिलस बुरश्यांचं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आणि अमायलेज, ठरलेल्या प्रमाणात. याचं नाव लिप्रोटामेज. कवच नको, कॅप्सूल कमी, डुक्कर नाही. चाचणीत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरलं, पण जानेवारी २०११ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ७ विरुद्ध ४ मतांनी ते नाकारलं. पुढे अँथेरा कंपनीने ते डुकराच्या एन्झाइमच्या तोडीस तोड आहे का हे तपासायला दोन चाचण्या घेतल्या. २०१६ साली पहिली थोडक्यात हुकली. दुसऱ्या चाचणीत रुग्णागणिक मात्रा बदलायची मुभा होती. २०१८ साली तीही हुकली आणि प्रकल्प गुंडाळला. यारोविया लिपोलिटिका या यीस्टचं लायपेजही २०२१ आणि २०२३ मध्ये चाचणीत ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकलं नाही.

माझ्या मते एन्झाइम दुबळं होतं म्हणून हे झालं नाही. डुकराच्या अर्कात लायपेजबरोबर कोलायपेज, फॉस्फोलायपेज आणि आणखी अनेक एन्झाइमं आपोआप येतात. मोजून घातलेली दोनतीन त्यांच्या बरोबरीला येत नाहीत. आणि अन्न, पित्त, एन्झाइम एकाच जागी एकाच वेळी पोचणं हे प्रयोगशाळेच्या नळीत फुकट मिळतं, आतड्यात मिळत नाही. इंटरनेटवर ‘शुद्ध शाकाहारी लायपेज’ म्हणून मोठमोठे आकडे छापलेल्या डब्या विकल्या जातात त्या पाहताना हे ध्यानात ठेवावं. बुरशीच्या लायपेजचा युनिट वेगळ्या पीएचला, वेगळ्या पद्धतीने मोजतात. तो पॅन्क्रिएटिनच्या युनिटशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. अशी डबी घेऊन कॅप्सूल बंद करू नये.

सूक्ष्मजीवांची एन्झाइमं जिंकली आहेत ती वेगळ्या मैदानांवर. दूध न पचणाऱ्यांना दुधातली साखर तोडणारं बुरशीचं किंवा यीस्टचं लॅक्टेज सर्रास मिळतं. जन्मतः साखर न पचणाऱ्या मुलांसाठी बेकरीच्या यीस्टपासून केलेलं सॅक्रोसिडेज १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, १५ किलोपर्यंतच्या मुलाला एक मिलिलिटर आणि त्यापुढे दोन, निम्मं जेवणाच्या सुरुवातीला आणि निम्मं मधे, गार पाण्यात किंवा दुधात. फळांच्या रसात नाही, कारण आम्लाने ते बिघडतं.

आणि लायपेजचा एक विजय आहे, तो शरीराबाहेरचा. नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णासाठी २०१५ साली अमेरिकेत एक छोटी कार्ट्रिज मंजूर झाली. आत जिवाणूचं लायपेज बारीक मण्यांवर कायमचं चिकटवलेलं. पिशवीतलं दुधाळ अन्न पंपातून निघून या मण्यांमधून जातं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त चरबी नळीतच तुटते. मणी जाळीआड राहतात, रुग्णात फक्त तुटलेली चरबी जाते. तिथे आम्ल नाही, ट्रिप्सिन नाही, पित्त नाही, आणि अन्न ठरल्या वेगाने एन्झाइमवरूनच वाहतं. तीनही पहारे काढून घेतल्यावर तेच एन्झाइम बिनबोभाट काम करतं. मूळ रचनेत एका कार्ट्रिजमधून अर्धा लिटर अन्न जाई. रात्रभराच्या एक लिटरला दोन, आणि वापरल्या की टाकून द्यायच्या.

तोंडाने जेवणाऱ्याच्या भाकरीवरचं तूप या कार्ट्रिजमधून जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी अजून कॅप्सूलच, पहिल्या घासाबरोबर एक आणि अर्ध्या ताटावर दुसरी.